तिसरी चाल

बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला छंदःशास्त्र शिकवताना प्रस्ताराच्या तासाला मी फळ्यावर एक आकडा लिहिते : २०४८. मागच्या बाकांवर हमखास कुजबुज होते. मुलांना तो आकडा मोबाइलवरच्या खेळामुळे ठाऊक असतो आणि बाईंनाही तो खेळ ठाऊक असावा याचे त्यांना नवल वाटते. मग मी सांगते, की चरणातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी लघु किंवा गुरू असे दोनच पर्याय असतात. एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तिनांचे आठ. हेच आपले य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण. एकेक अक्षर वाढते तशी मांडण्यांची संख्या दुप्पट होत जाते. इंद्रवज्रा, शालिनी, रथोद्धता, स्वागता ही अकरा अक्षरी वृत्ते. आणि अकरा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या शक्य असलेल्या एकूण मांडण्या २०४८. ही संख्या काढण्याची रीत पिंगलाच्या छंदःसूत्रांत आहे. त्या दोन हजारांवर मांडण्यांपैकी कवींनी प्रत्यक्ष वापरल्या त्या अगदी मोजक्या.

मुले वहीत आकडा उतरवून घेतात आणि तास पुढे सरकतो. परंतु हा आकडा मला पिंगलाकडून मिळाला नाही. तो मिळाला माझ्या वडिलांकडून, आणि तोही त्यांना नीट बोलता येत नव्हते त्या काळात. त्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते.

प्रथम खेळाविषयी थोडे. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘थ्रीज’ नावाचा एक मोबाइल-खेळ बाजारात आला. ॲशर व्होल्मर, ग्रेग वोलवेंड आणि जिमी हिन्सन या तिघांनी तो चौदा महिने खपून घडवला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच, मार्चमध्ये, गॅब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने एका शनिवार-रविवारात ‘२०४८’ तयार करून सर्वांना फुकट खुला केला. आपला खेळ ‘१०२४’ नावाच्या दुसऱ्या एका खेळावरून घेतला असून कल्पना ‘थ्रीज’सारखी आहे, हे त्याने खेळाच्या पानावरच नोंदवले होते. तरीही लोकांच्या तोंडी राहिले ते ‘२०४८’. ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी त्याच महिन्यात आपला निर्मितीच्या काळातला पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, त्यामागचे दुःख साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. मूळ कृती विस्मरणात जावी आणि तिचे सुलभ रूपांतर घरोघरी पोचावे, हे आपल्याकडेही अनेकदा घडले आहे. मला स्वतःला ‘थ्रीज’ अधिक रेखीव वाटतो. परंतु आमच्या घरात आला तो ‘२०४८’.

खेळाचे नियम दोन वाक्यांत सांगता येतात. चार गुणिले चार अशा सोळा घरांच्या पटावर अंकांचे ठोकळे असतात आणि बोट वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे फिरवले, की सगळे ठोकळे एकदम त्या दिशेला सरकून कडेला जातात. सरकताना समान अंकाचे दोन ठोकळे एकमेकांवर आदळले तर त्यांचा एक होऊन अंक दुप्पट होतो, आणि प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरांपैकी एकात नवा ठोकळा येतो : दहांत नऊ वेळा २ चा आणि एकदा ४ चा. घरे भरली आणि कोणतेच दोन समान अंक शेजारी उरले नाहीत, की खेळ संपला.

अण्णा प्राथमिक शिक्षक होते. जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षे त्यांनी मुलांकडून पाढे घोकून घेतले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूची डावी बाजू बाधित झाली. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणे गेले. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळत असे, पण उत्तर ओठांवर येत नसे. पाणी हवे असले, की ते तांब्याकडे पाहत राहत. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, “शब्द गेले असे समजू नका. शब्दांकडे जायची वाट अडली आहे.” त्या वेळी मला हे वाक्य निव्वळ धीर देण्यापुरते वाटले होते.

अशा आजारात मोजणी, प्रार्थना, पाढे, चालीवर म्हटलेल्या कविता अशा लहानपणापासून तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. अण्णांचे तसेच झाले. माझे नाव त्यांना घेता येत नव्हते. परंतु मी “बे एके” म्हटले, की ते “बे” म्हणत आणि मग “बे दुणे चार, बे त्रिक सहा” असे वीसपर्यंत न अडखळता जात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हर्ष झाला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले, की हे बोलणे नव्हे. मध्येच थांबवून “अण्णा, बे चोक किती?” असे विचारले, तर ते माझ्याकडे नुसते पाहत. पाढा त्यांना म्हणत होता. ते पाढा म्हणत नव्हते.

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट येत. उजव्या हाताची बोटे हलावीत म्हणून त्यांनी कणीक मळणे, मणी उचलणे असे प्रकार सुचवले. अण्णांना त्यांत गोडी वाटेना. जानेवारीत माझ्या भाच्याने आपला जुना मोबाइल आणून त्यात हा खेळ घालून दिला. मोबाइल पाटावर ठेवायचा, अण्णांच्या उजव्या हाताची तर्जनी त्यावर टेकवायची आणि सरकवायला लावायचे. आठवडाभरात दिसून आले, की त्यांचे बोट दोनच दिशांना जाते : स्वतःकडे, म्हणजे खाली, आणि छातीकडे, म्हणजे डावीकडे. हात आत ओढता येत होता, बाहेर लोटता येत नव्हता. उजवी आणि वर या दिशा त्यांच्या बोटाला उरल्याच नव्हत्या.

योगायोग असा, की या खेळातली पहिली शहाणपणाची गोष्ट नेमकी तीच आहे. नवशिका खेळाडू चारी दिशांना बोट फिरवतो. त्यामुळे मोठे अंक पटाच्या मधोमध विखुरतात आणि त्यांच्याभोवती किरकोळ अंकांची गर्दी होते. जाणता खेळाडू एक कोपरा निवडतो, सर्वांत मोठा अंक तिथे ठेवतो आणि कोपऱ्याकडे नेणाऱ्या दोनच दिशा शक्य तेवढ्या वापरतो. अण्णांना निवड करावीच लागली नाही. त्यांचा कोपरा डावीकडचा, खालचा. त्यात मोठा अंक, त्याच्या शेजारी त्याहून लहान, मग त्याहून लहान, अशी उतरती रांग आपोआप लागत गेली. ही उतरण महत्त्वाची. मोठा अंक नुसता सुरक्षित ठेवून भागत नाही. लहान अंकाला वाढत वाढत त्याच्यापर्यंत पोचता आले पाहिजे. ६४ च्या शेजारी २ अडकून पडला, तर दोघेही कुचकामी होतात.

परंतु केवळ दोन दिशांवर खेळ फार काळ चालत नाही. सगळे ठोकळे डावीकडे आणि खाली ठासून बसतात, शेजारी समान अंक उरत नाहीत आणि पट गोठतो. अशा वेळी तिसरी दिशा लागते : उजवी. ती केव्हा निर्धोक, याचा साधा नियम आहे. सर्वांत खालची रांग चारही घरे भरून असली आणि तीत शेजारी समान अंक नसले, तर उजवीकडे सरकवताना ती रांग जागची हलत नाही. कोपरा शाबूत राहतो आणि वरच्या रांगा तेवढ्या हलतात. खालच्या रांगेत एक जरी घर रिकामे असले, तरी मोठा अंक कोपरा सोडतो आणि मोकळ्या झालेल्या घरात नवा ठोकळा शिरण्याची भीती असते. चौथी दिशा, वर जाण्याची, ही अगदी निरुपायाची.

ही तिसरी चाल आमच्या घरी माझ्याकडे होती. पट गोठला, की अण्णा मोबाइल माझ्यापुढे सारत आणि हनुवटीने उजवीकडे खूण करत. मी वाचत असले, स्वयंपाकघरात असले, तरी येऊन एकदा बोट फिरवायचे आणि परत जायचे. मराठीत ‘चाल’ हा शब्द खेळातल्या खेळीला आहे, कवितेच्या गायनाला आहे आणि माणसाच्या चालण्यालाही आहे. अण्णांच्या तिन्ही चाली एकाच दिवशी अडल्या होत्या. त्यांतली एक तेवढी मला पुरी करता येत होती.

आणि दोन ठोकळे एक झाले, की अण्णा अंक उच्चारू लागले. २ ला ते ‘बे’च म्हणत. पुढे चार, आठ, सोळा, बत्तीस. इथवर पाढ्यांची पुण्याई होती. “सोळा दुणे बत्तीस” हे छत्तीस वर्षे रोज ऐकलेले. परंतु शाळेतले पाढे तिसापर्यंत. बत्तीसची दुप्पट पाढ्यात नाही. पहिल्यांदा दोन बत्तीस एकत्र आले तेव्हा ते थांबले. ठोकळ्यावर ६४ लिहिलेले होते, ते त्यांना दिसत होते, पण शब्द येईना. बराच वेळ ते ओठ हलवत राहिले. मग बहुधा मागच्या दाराने, “आठ आठे” असे पुटपुटत ते “चौसष्ट”वर आले. एकशे अठ्ठावीसला मात्र त्यांना पाढ्याची वाट सापडेना. त्या शब्दाला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी तो उच्चारला तेव्हा मी दारात उभी होते. “एकशे... अठ्ठावीस.” तो शब्द पाढा म्हणताना आलेला नव्हता. तो त्यांनी शोधून आणला होता.

यानंतर मी हा खेळ गांभीर्याने घेतला. अण्णा झोपल्यावर मी स्वतःच्या मोबाइलवर खेळून पाहत असे, ताळे मांडत असे. प्रत्येक चालीला पटावर सरासरी २.२ ची भर पडते. म्हणजे २०४८ चा ठोकळा व्हायला नऊशेहून अधिक चाली लागतात. संगणकाला हा खेळ शिकवणाऱ्यांनीही विचार केला आहे. त्यांचे आज्ञावलीतले निकष पाहिले, तर त्यांत मोठ्या अंकाचा हव्यास प्रमुख नसतो. रिकामी घरे किती, रांगा उतरत्या आहेत का, शेजारी मिळण्याजोगे अंक आहेत का, याला गुण असतात. अशा आज्ञावल्या ८१९२ पर्यंत जवळपास दर वेळी जातात आणि कधीकधी ३२७६८ ही गाठतात. तत्त्वतः या पटावर होऊ शकणारा सर्वांत मोठा ठोकळा १,३१,०७२ चा. सोळा घरे आणि ऐन वेळी लाभलेला एक ४, एवढ्यावर ती मर्यादा ठरते. वहीत हा आकडा लिहिला आणि माझ्या लक्षात आले, की ही सतरा अक्षरांच्या प्रस्ताराची संख्या आहे : मंदाक्रांता, शिखरिणी, पृथ्वी. माझा विषय मला वडिलांच्या खाटेशेजारी असा पुन्हा भेटला.

त्या बेरजा करताना आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती मला या खेळाचे मर्म वाटते. पटावरच्या सगळ्या अंकांची बेरीज कधीही कमी होत नाही. दोन आठ गेले, तर एक सोळा आला. हिशेब जिथल्या तिथे. बुद्धिबळात मोहरा मारला जातो, सोंगट्यांत सोंगटी मरते. इथे काहीही मरत नाही. तरी आपण हरतो, कारण समान अंक पटावर असूनही एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत. हरतो तो जागेअभावी. डॉक्टरांचे ते वाक्य मला त्या रात्री आठवले.

मार्चमधली गोष्ट. मला उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर जायचे होते, एस. टी.ची वेळ झाली होती आणि मी पायांत चप्पल सरकवत होते. अण्णांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या कोपऱ्यात प्रथमच ५१२ आला होता. खालची रांग ५१२, ६४, १६, ४ अशी भरलेली होती. उजवीकडे सरकवणे पूर्ण निर्धोक होते. मी पाहिले न पाहिले आणि बोट फिरवले. ते वर गेले. सगळे ठोकळे वर सरकले, खाली घरे मोकळी झाली आणि नवा २ नेमका ५१२ च्या खाली येऊन बसला.

अण्णांनी पटाकडे पाहिले आणि म्हणाले, “बे.” आवाजात राग नव्हता. मी “येते हं अण्णा” म्हणून निघाले. एस. टी.त खिडकीशी बसल्यावर मला कळले, की मी काय केले आहे. त्यांच्या बोटाला वर जाता येत नव्हते, उजवीकडे जाता येत नव्हते. त्यामुळे तो २ त्यांच्याने कधीच हलणार नव्हता. त्याच्या डोक्यावर ५१२ आणि शेजारी ६४. ते दोघे वाढतील, पण २ ला दुसरा २ मिळायचा नाही. दोन महिन्यांचे काम माझ्या घाईने बुजवले होते. त्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासल्या, पण मन त्यांत नव्हते. खरे सांगायचे, तर खंत केवळ खेळाची नव्हती. त्या महिन्यांत मी पुष्कळ गोष्टी न पाहता उरकत होते. औषधे देत होते, अंग पुसत होते. आणि अण्णा काही सांगू पाहत, तेव्हा त्यांचा शब्द येईपर्यंत न थांबता मीच तो पुरा करून टाकत होते.

संध्याकाळी मी म्हटले, “अण्णा, नवा डाव मांडू या.” त्यांनी मान हलवून नकार दिला. ते तोच डाव खेळत राहिले, दिवसाला वीस-पंचवीस चाली. मधूनमधून पट गोठला, की मी उजवीकडे सरकवी. आता मात्र नीट पाहून. मला वाटत होते, की ते नुसते वेळ काढत आहेत. बारा दिवसांनी दुपारी त्यांनी मोबाइल पुढे सारला. मी पट पाहिला आणि थबकले. खालच्या रांगेतल्या ४ वर त्यांनी दुसरा ४ आणून ८ केला होता, त्यावर ८ आणून १६. शेजारच्या १६ शी तो मिळून ३२ झाला होता. खालची रांग आता २, ६४, ३२ अशी होती आणि तिचे शेवटचे घर रिकामे होते. त्याच वेळी ५१२ ची रांग मात्र चारही घरे भरून घट्ट बसली होती.

एरवी ही स्थिती म्हणजे धोका. खालच्या रांगेत घर रिकामे असताना उजवीकडे जायचे नाही, हा नियम. परंतु अण्णांनी तोच नियम उलटा वापरला होता. मी उजवीकडे सरकवले. भरलेली रांग जागची हलली नाही, ५१२ तिथेच राहिला. खालची रांग मात्र एक घर सरकली आणि २ कोपऱ्यातून बाहेर पडला. आता सगळे नव्या ठोकळ्यावर होते. सहा घरे रिकामी होती, त्यांतले एक कोपऱ्याचे. ठोकळा वरच्या रांगेत पडला. अण्णांनी आपले बोट टेकवून खाली ओढले, आणि ५१२ आपल्या कोपऱ्यात उतरला.

“पाचशे बारा,” अण्णा म्हणाले. मग बाहेर पडलेल्या त्या २ वर बोट ठेवून म्हणाले, “बे.” आणि हसले.

बारा दिवस हा माणूस मनाशी एक तीन पायऱ्यांची योजना बाळगून होता, आणि तिच्यातली मधली पायरी माझ्या हातात आहे हे गृहीत धरून होता. ज्याला वाक्य जुळवता येत नाही त्याला विचारही जुळवता येत नसावेत, असे मी नकळत धरून चालले होते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाची ही चूक लहान नव्हे. आपण भाषेलाच विचार मानतो; उत्तरपत्रिकेत वाक्य मोडले, की मुलाला काही समजले नाही असे म्हणून गुण कापतो. त्या दिवसानंतर मोडक्या वाक्याशी मी थोडी जास्त थांबते.

एप्रिलमध्ये १०२४ झाला. “एक हजार चोवीस” हे तीन शब्द त्यांनी एका दमात म्हटले. २०४८ कधी झाला नाही. बोलणे थोडेफार सुधारले. ‘पाणी’, ‘नको’, ‘चहा’ आले, पण माझे नाव आले नाही. मला ते ‘बे’ म्हणून हाक मारू लागले. बहुधा मुलींत मी दुसरी म्हणून, किंवा नवा ठोकळा पडावा तशी दर वेळी समोर येऊन उभी राहायची म्हणून. मी विचारले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये दुसऱ्या झटक्याने ते गेले.

तो जुना मोबाइल पुढे कपाटात राहिला. गेल्या दिवाळीच्या सुटीत कपाट आवरताना सापडला. चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. खेळ उघडला तर शेवटचा डाव जसाच्या तसा होता. कोपऱ्यात २५६. खाली जायला जागा नव्हती, डावीकडेही नव्हती. खालची रांग चारही घरे भरलेली होती. मी दोनदा पाहून घेतले आणि मग उजवीकडे सरकवले.

वरच्या रांगेत एक नवा ठोकळा आला. “बे,” मी म्हटले.